टेनिस संग्रहालयाची उस्तवार

आमच्या ओर्नेलाला चाळिसाव्या वर्षी जुळं झालं, त्या सालची ही गोष्ट. म्हणजे २०१२. दोन्ही मुलगे, आणि दोघांचे आवाज असे की खालच्या मजल्यावरच्या पाववाल्याने गजराचं घड्याळ लावणं सोडून दिलं. जावई मालवाहू जहाजावर. त्याला बातमी सांगितली तेव्हा त्याने फोनवर "दोन कसे?" एवढंच विचारलं आणि लाइन तुटली. मग ओर्नेला दोन पोरं, चार पिशव्या आणि एक जोडबाबागाडी घेऊन आमच्याकडे राहायला आली.

आमचं घर तीन खोल्यांचं. त्यातली मागची खोली माझी होती. होती म्हणतो, कारण तिसऱ्याच दिवशी माझ्या बायकोने, इर्माने, त्या खोलीचं दार उघडलं, आत बोट दाखवलं आणि रविवारपर्यंत हे भंगार बाहेर गेलं पाहिजे असं सांगितलं.

ज्याला ती भंगार म्हणाली त्याचा तपशील असा: लाकडी रॅकेटी त्रेचाळीस, रॅकेट वाकू नये म्हणून लावायच्या लाकडी चौकटी नऊ, जाळ्या तीन, पंचाची उंच खुर्ची एक, गवती टोप्या, चेंडूंचे डबे, आणि एका रशियन बाईचा उजव्या पायाचा पांढरा बूट. कालाव्हेर्दे टेनिस क्लबात मी १९५७ पासून १९९८ पर्यंत कोर्टाची निगा राखली. तांबड्या मातीचं कोर्ट म्हणजे दुभती म्हैस आहे. एक दिवस दुर्लक्ष केलं की रुसते. पाणी मारा, झाडा, रूळ फिरवा, पट्ट्या आखा, आणि दुसऱ्या दिवशी हेच सगळं पुन्हा. या एक्केचाळीस वर्षांत सभासदांनी जे जे टाकलं ते ते मी घरी आणलं. इर्माचं म्हणणं, क्लबाने पगार कमी दिला आणि कचरा जास्त.

मी म्हटलं, हा इतिहास आहे. ती म्हणाली, मग इतिहासाने स्वतःची खोली बघावी.

आमच्या इमारतीत कुठलीही अडचण घरात फार वेळ राहत नाही. ती आधी जिन्यात येते. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात सात माणसं उभी होती आणि प्रत्येकाकडे तोडगा होता. कुणी म्हणालं जाळून टाका, कुणी म्हणालं चर्चच्या जत्रेत विका, तळमजल्यावरच्या विधवा बाईंनी त्या रॅकेटींवर टोमॅटोचे वेल छान चढतील असं सुचवलं. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचा अमेदेओ खाली आला. अमेदेओ रेल्वेत तिकीट तपासनीस होता. निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली, पण अजूनही कुणी नमस्कार केला तर तो आधी त्या माणसाच्या हातांकडे बघतो.

त्याने सगळं नीट पाहिलं आणि निकाल दिला. यादी नसलेली जुनी वस्तू म्हणजे भंगार. यादी केली, आकडे घातले, वर शिक्का मारून घेतला, की तेच संग्रहालय. "अरे सेत्तिमिओ, जगात फरक वस्तूंत नसतो, कागदात असतो," असं तो म्हणाला, आणि ते मला इतकं पटलं की पुढचे पाच महिने मी त्याला शिव्या देत होतो.

क्लबाच्या आवारात बायकांची कपडे बदलायची जुनी खोली रिकामी पडली होती. अकरा खुंट्या, एक आरसा, एक बाक. ती मागायला मी अध्यक्षांकडे गेलो. अध्यक्ष म्हणजे वकील तास्सारासाहेब. पन्नाशीचा माणूस, स्वभावाने चांगला, पण त्याला भाषणाची भूक आहे, आणि आमच्या गावात भाषण करण्यासारखं वर्षात फार तर दोनदा काही घडतं. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत त्याने फीत कापण्याची तारीख ठरवली. फक्त एक दुरुस्ती केली. मी "कालाव्हेर्दे क्लबाचं टेनिस संग्रहालय" म्हटलं होतं; त्याने "लिगुरिया प्रांताचं टेनिस संग्रहालय" लिहिलं. शेजारच्या गावात ऑलिव्हच्या तेलाचं संग्रहालय आहे आणि त्याच्या पाटीवर "प्रांतीय" असा शब्द आहे. तो शब्द वकीलसाहेबांच्या डोळ्यांत सहा वर्षं सलत होता.

आता "प्रांतीय" म्हटलं की प्रांताच्या कचेरीची मंजुरी आली, आणि मंजुरी म्हटलं की चौदा पानांचा अर्ज. पण तो पुढे.

आधी मांडामांड. मिठाईवाल्याने काचेचं एक कपाट फुकट दिलं. बंद पडलंय म्हणाला. ते बंद पडलेलं नव्हतं, ते बंदच होत नव्हतं. केक थंड ठेवायचं यंत्र आणि आतला दिवा एकाच तारेवर, त्यामुळे रॅकेटी दिसायला हव्या असतील तर त्या गारठवाव्या लागत. कापडवाल्याने जुन्या वळणाचा झगा घातलेली लाकडी बाई दिली. तिला उजवा हात नव्हता, म्हणजे नेमका सर्व्हिस करायचा. आम्ही रॅकेट तिच्या डाव्या हातात दिली आणि वर लिहिलं, "डावखुरी खेळाडू, सुमारे १९२५."

मग गावाला कळलं की संग्रहालय होतंय. लहान गावात एकदा हे कळलं की माणसं रांग लावतात. बघायला नाही, द्यायला. एकाने लोखंडी गोळा आणला. तो टेनिसचा नाही हे सांगितल्यावर म्हणाला, गोल तर आहे ना. एका कोळ्याने १९२० सालची टेनिसची जाळी म्हणून जे दिलं त्याला अजून मासळीचा वास होता. तळमजल्यावरच्या विधवा बाई नवऱ्याची मोठी तसबीर घेऊन आल्या. लष्करी पोशाख, मिशा, छातीवर दोन पदकं. मी हळूच म्हटलं, हे टेनिस खेळत होते हे माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, खेळत नव्हते, पण रोज क्लबावरून जायचे. आता रोज जिन्यात भेटणाऱ्या बाईला नाही कसं म्हणणार? मी तसबिरीखाली लिहिलं, "टेनिसचे एक शेजारी."

खरी मोलाची देणगी एकच होती. फुल्व्हिया देल्लेपियाने बाईंचे अकरा चषक.

बाई म्हणजे आमच्या गावच्या शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या बाई. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, वेळापत्रकात बसलं नाही. तरुणपणी प्रांतात त्यांच्या तोडीची खेळाडू नव्हती. शहाऐंशी वर्षांच्या होत्या तेव्हाही मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता त्या कोर्टावर हजर असत. समोर अमेदेओ. बाई सर्व्हिस खालून करत, धावत नसत, पण चेंडू असा टाकत की अमेदेओला धावावं लागे. अमेदेओ पट्टीवर पडलेला प्रत्येक चेंडू वाकून तपासे. बाई जाळीपाशी उभ्या राहून त्याला शांतपणे विचारत, चेंडूने तिकीट काढलंय का.

मला अक्षर बाईंनीच शिकवलं. मी पस्तीस वर्षांचा होतो. कोर्टाशेजारच्या बाकावर, दोन सेटच्या मधल्या विश्रांतीत, त्या घाम पुसायच्या आणि मी मांडीवर वही घेऊन गिरवायचो. तिथपासून माझ्यात एक खोड राहिली. उशिरा जेवायला बसलेला माणूस जसा ताटात काही ठेवत नाही, तसा मी कागदावर रिकामा रकाना ठेवू शकत नाही. औषधाच्या दुकानात "इतर काही तक्रार" असं छापलेलं असलं तर मी तिथे पाववाल्याबद्दल लिहितो.

म्हणून चौदा पानांचा अर्ज मीच भरणार असा हट्ट धरला. दोनशे तेरा वस्तूंची यादी मी आठ दिवस लिहीत होतो. अमेदेओ शेजारी बसून हुंकार भरत होता. अकराव्या पानावर छापलं होतं: "स्थावर ठेवा, असल्यास." अमेदेओ म्हणाला, आडवी रेघ मार आणि पुढे चल.

मी रेघ मारली नाही. मी लिहिलं: "एक नंबरचं कोर्ट. इंग्रज गृहस्थांनी सन १९०८ मध्ये बांधलं. आजतागायत माती तीच." आणि खाली झोकदार सही केली. सहीच्या शेपटीला दोन वळसे दिले. त्या दोन वळशांची किंमत पुढे सगळ्या गावाने मोजली.

मे महिन्यात कचेरीचं पत्र आलं. वकीलसाहेबांनी ते क्लबाच्या बैठकीत उभं राहून वाचलं. पहिल्या परिच्छेदात आमचं अभिनंदन होतं, टाळ्या झाल्या. दुसऱ्यात संग्रहालयाला तात्पुरती मंजुरी होती; जास्त टाळ्या झाल्या. तिसरा परिच्छेद वकीलसाहेबांनी त्याच चढ्या आवाजात सुरू केला आणि मध्येच त्यांचा आवाज बसला. सदर कोर्ट सत्तर वर्षांहून जुनं आणि मूळ स्थितीत असल्याचं क्लबाने स्वतः लेखी कळवल्यामुळे ते संरक्षित ठेवा म्हणून ताब्यात घेण्यात येत आहे. अधिकारी पाहणी करेपर्यंत त्यावर चालणं, खेळणं, पाणी मारणं, झाडणं, रूळ फिरवणं किंवा नवी माती टाकणं यांस मनाई आहे.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या माणसाने कोर्टाभोवती तांबडी-पांढरी पट्टी बांधली. ती बांधताना तो मला म्हणाला की गावाला मान मिळाला.

क्लबात दुसरं कोर्ट आहे, पण ते सिमेंटचं. बाईंच्या गुडघ्यांच्या डॉक्टरने सिमेंटवर एक पाऊलही टाकायचं नाही असं बजावलं होतं. त्या मंगळवारी बाई नेहमीसारख्या अकराला आल्या, पट्टीपाशी थांबल्या, आणि बाकावर बसल्या. मी काहीबाही सांगत होतो. कचेरी, नियम, तात्पुरतं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"किती दिवस, सेत्तिमिओ?"

मी म्हटलं, महिना, फार तर दोन.

"माझ्या वयात पाय एकदा विसरले की पुन्हा शिकत नाहीत," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. गणिताचं उत्तर सांगावं तसं सांगितलं. मला तक्रार परवडली असती.

आता तांबड्या मातीच्या कोर्टाचं एक असतं. त्याला हात लावू नका म्हटलं की ते जपलं जात नाही, ते जातं. त्या वर्षी मे कोरडा. पाणी नाही म्हणून माती सुटली, आणि समुद्रावरचा वारा ती उचलून आमच्या गल्लीत आणू लागला. पहिल्या आठवड्यात जुळ्यांची दुपटी गुलाबी झाली. दुसऱ्या आठवड्यात पाद्रीबाबांचा पांढरा झगा. पाववाल्याच्या फोकाच्च्यावर, म्हणजे तेल लावलेल्या चपट्या पावावर, तांबडी भुकटी दिसायला लागली आणि तो माझ्याकडे बघून वाया गेलेले पाव मोजायला लागला. जिन्यात ज्या सात जणांनी तोडगे दिले होते ते सातही जण आता आपण आधीच सांगितलं होतं असं सांगत होते. टोमॅटोचे वेलच बरे होते, असं विधवा बाई रोज एकदा म्हणत.

मी कचेरीत फोन केला. संबंधित अधिकारी रजेवर. पुन्हा केला. अधिकारी रजेवरून आले होते, पण फाईल रजेवर होती, असं काहीतरी. अमेदेओने धूळ उडते म्हणून पाणी मारण्याची परवानगी मागणारा अर्ज लिहिला. उत्तर आलं की पाण्यामुळे मूळ मातीचा रंग बदलतो का याबद्दल तज्ज्ञाचा अभिप्राय जोडावा. मी एक्केचाळीस वर्षं त्या मातीवर पाणी मारत होतो. माझ्याइतका तज्ज्ञ या किनाऱ्यावर नव्हता, पण अभिप्राय द्यायला डिग्री लागते आणि माझ्याकडे फक्त पाठदुखी होती.

एका दुपारी मी पट्टीच्या बाहेर उभा राहून रबरी नळीने लांबूनच पाणी मारलं. पाय आत टाकला नाही. नगरपालिकेचा शिपाई आला आणि पाणी आत गेलं म्हणजे मीच आत गेल्यासारखं आहे असं म्हणाला. सत्त्याहत्तराव्या वर्षी माझं नाव त्याच्या वहीत चढलं. तीस वर्षं मी ज्याला कोर्टावर सायकल आणू नको म्हणून हाकलत होतो, त्याचा हा मुलगा. त्याने नाव विचारलं तेव्हा मी आडनावासकट सांगितलं, जणू आमची ओळखच नव्हती.

जूनमध्ये कोर्टावर हिरवळ दिसू लागली. आधी घोळ, मग रानबडीशेप. अमेदेओने तण काढायची परवानगी मागितली. उत्तर आलं: संरक्षित जागेवर उगवलेली वनस्पती हा पाहणीपर्यंत जागेच्या स्थितीचा भाग समजण्यात येईल. हे पत्र घेऊन तो धावत आमच्याकडे आला तेव्हा आम्ही जेवत होतो. त्याने पत्र वाचलं, मग ताटाकडे बघितलं, आणि ही कोशिंबीर कसली म्हणून विचारलं. पट्टीच्या कडेला छान कोवळी घोळ आली होती, ती इर्माने खुडून आणली होती. अमेदेओ खुर्चीवर बसला आणि म्हणाला की आपण सरकारी ठेवा खाल्ला. इर्माने त्यालाही वाढलं. त्याने खाल्ली. मीठ थोडं कमी आहे म्हणाला.

या सगळ्यात एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, ती इथे सांगतो.

ती माती १९०८ सालची नव्हती.

१९७० च्या ऑक्टोबरात आमच्या ओढ्याला पूर आला आणि एका सकाळी एक नंबरचं कोर्ट समुद्रात गेलं. जाळीचे खांब तेवढे उभे राहिले. तेव्हाचे अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे कर्नल, ते हिवाळाभर स्वित्झर्लंडला. क्लब हिवाळ्यापुरता बंद. मला वाटलं, कर्नल परत येऊन बघतील, आणि कोर्ट नाही तर कोर्टाचा माणूस तरी कशाला म्हणतील. त्याच सुमारास गावाबाहेरचा जुना कत्तलखाना पाडत होते. त्याची कौलं मी हातगाडीवरून आणली. चाळीस दिवस एकटा कुटत होतो, चाळत होतो, थर देत होतो. इर्माला सांगितलं, क्लबात गळती आहे. मार्चमध्ये कोर्ट उघडलं तेव्हा कर्नल त्यावर बूट आपटून म्हणाले, इंग्रजांचं काम ते इंग्रजांचं काम. मी मान डोलावली. मग दरवर्षी मान डोलावत राहिलो. बेचाळीस वर्षांत वकीलसाहेबांसकट चार अध्यक्षांनी पाहुण्यांना त्या मातीवर उभं करून, तुम्ही इतिहासावर उभे आहात असं सांगितलं. एकदा एका इंग्रज पाहुण्याने चिमूटभर माती रुमालात बांधून नेली. ती आता इंग्लंडात कुठेतरी काचेखाली असेल. कत्तलखान्याचं कौल आहे ते.

जुलैच्या मध्यावर कचेरीच्या मॅडम पाहणीला आल्या. नाव लुदोव्हिका, वय चाळिशीच्या आत, हातात कागदांची जाडजूड फाईल, पायात नवे बूट आणि ते चावत होते हे लांबून कळत होतं. वकीलसाहेबांनी सगळं गाव जमवलं होतं. त्यांनी सतरा मिनिटं भाषण केलं. मॅडम उन्हात उभ्या राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत्या. बाई बाकावर बसल्या होत्या. दोन महिन्यांत त्यांच्या हातात काठी आली होती.

भाषण संपल्यावर मॅडमनी बडीशेपेच्या त्या रानाकडे बघितलं आणि सरळ सांगितलं. कायद्याला इथे दोनच वाटा आहेत. माती मूळची असेल तर हे कोर्ट आहे असंच ठेवायचं, वर छप्पर घालायचं, आणि यावर पुन्हा कुणी खेळायचं नाही. कधीच नाही. मूळची नसेल तर हे साधं मैदान. उद्या झाडा, परवा खेळा. मग त्यांनी फाईल उघडली आणि अकरावं पान काढलं.

"ही सही कुणाची?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इर्माच्या दोन्ही कडेवर एकेक नातू होता. त्या दोघांनीही माझ्याकडे पाहिलं, आणि योगायोगाने दोघेही गप्प होते.

मी सांगितलं. पूर, कर्नल, हातगाडी, सगळं.  वकीलसाहेबांनी मध्ये एकच शब्द विचारला, अगदी हळू.

"कत्तलखान्याची?"

मी म्हटलं, छपराची, साहेब. खालची नाही. त्यांना त्याने बरं वाटलेलं दिसलं नाही. इर्मा म्हणाली की ती त्या हिवाळ्यात चाळीस दिवस तांबडे शर्ट धूत होती आणि हा गळती म्हणत होता. गर्दीत कुणीतरी हसलं. मला जमिनीत जावंसं वाटलं, पण तिथेही माझीच कौलं.

तेव्हा बाई बाकावरून बोलल्या.

"मला माहीत होतं."

सगळे तिकडे वळले. "मार्च एकाहत्तर, पहिल्याच गेममध्ये," बाई म्हणाल्या. "चेंडू चार बोटं कमी उसळत होता. त्या वसंतात प्रौढ महिलांची अंतिम फेरी मी याच मातीवर हरले, सव्होनाच्या एका दंतवैद्याच्या बायकोकडून. बारावा चषक तो ठरला असता."

 मी म्हटलं, बाई, मग तेव्हा बोलला का नाहीत?

"तू तेव्हा माझ्यापाशी वाचायला शिकत होतास," बाई म्हणाल्या. "तू वाचलेला पहिला कागद कामावरून काढल्याचा असता. तसा धडा मी कुणाला देत नाही."

 शिपायाने टोपी काढली, उकडत असेल.

पण मॅडमची अडचण संपली नव्हती. त्या म्हणाल्या, माझ्यापुढे एकाच माणसाची दोन विधानं आहेत, एक लेखी, एक तोंडी, आणि कायदा लेखीला मानतो. पुरावा हवा. मी म्हटलं, वीतभर खणा, खाली कौलाचे मोठे तुकडे आहेत. त्या म्हणाल्या, संरक्षित जागा खणता येत नाही. अमेदेओने हताश होऊन विचारलं, म्हणजे ती संरक्षित नाही हे दाखवायला आधी ती संरक्षित नसायला पाहिजे? मॅडम म्हणाल्या, हो, साधारण तसंच.

बाई उठल्या. काठीने पट्टी वर उचलली आणि खालून आत गेल्या. शिपाई पुढे सरसावला, पण त्याला गणित बाईंनीच शिकवलं होतं. तो जागच्या जागी थांबला. बाई मागच्या रेषेच्या कोपऱ्यात गेल्या, जिथे पावसाने घळ पडली होती, आणि काठीचं टोक रोवून उकरायला लागल्या. मी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी आमच्याकडे पाठ केली होती. समुद्राकडे तोंड करून, एका हाताने वकीलसाहेबांच्या खांद्याला धरून, त्या बुटातला खडा काढत होत्या. तो खडा निघायला खूप वेळ लागला.

त्या वळल्या तेव्हा बाईंच्या हातात तळहाताएवढा कौलाचा तुकडा होता. त्यावर भट्टीचा छाप आणि साल होतं: १९३१.

"हा वर पडलेला होता का?" मॅडमनी विचारलं.

"आता आहे," बाई म्हणाल्या.

मॅडमनी फाईलीत लिहिलं: पृष्ठभागावर आढळला.

ऑगस्टच्या शेवटी पत्र आलं. कोर्ट मोकळं. त्याचबरोबर आमचा "प्रांतीय" हा शब्दही काढून घेतला, कारण प्रांताच्या दृष्टीने महत्त्वाचं असं आता आमच्याकडे काही उरलं नव्हतं. वकीलसाहेब दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी क्लबात भाषण केलं: पूर, एकटा कामगार, चाळीस दिवस, दोन हात. ते भाषण इंग्रजांवरच्या भाषणापेक्षा चांगलं होतं. आता ते पाहुण्यांना त्याच जागी उभं करतात आणि कत्तलखाना हा शब्द जरा थांबून उच्चारतात. माणसं मुद्दाम तो शब्द ऐकायला येतात. तेलाच्या संग्रहालयात हल्ली शुकशुकाट असतो, असं ते मला आठवड्यातून एकदा सांगतात.

कोर्ट पुन्हा उभं करायला आम्हाला सोळा दिवस लागले. तण उपटलं, वरचा थर काढला, नवी भुकटी चाळली. सात जणांचा जिना खाली उतरला. पाववाला चाळणी धरायला होता, विधवा बाई पाणी मारत होत्या, आणि शिपाई कामावरून सुटला की रूळ ओढायला येत होता. त्याच्या वहीतल्या माझ्या नावाचं काय झालं ते मी विचारलं नाही. इर्मा बाबागाडी कडेला लावून बसायची. रुळाच्या आवाजाने जुळी झोपतात हा शोध तेव्हाच लागला.

१४ सप्टेंबरला, शुक्रवारी, बाई अकरा वाजता आल्या. काठी बाकाला टेकवली. समोर अमेदेओ. बाईंनी चेंडू दोनदा आपटून बघितला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अजून दोन बोटं कमी आहे." मग खालून सर्व्हिस केली. अमेदेओला ती गाठता आली नाही. तो पट्टीपाशी वाकला, बराच वेळ बघत राहिला, आणि बाहेर म्हणाला. बाई स्वतः चालत, जाळीला वळसा घालून तिकडे गेल्या, ठसा बघितला, आणि त्याला बाहेर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. चालत गेल्या आणि चालत आल्या. मी ते सगळं बाकावरून बघत होतो आणि डोळ्यांत माती गेली होती.

पुढच्या वर्षी लुदोव्हिका मॅडमचा फोन आला. त्यांनी सुचवलं की अर्ज पुन्हा करा, पण वस्तूंच्या नाही, कारागिरीच्या सदरात. माती कशी कुटतात, कशी चाळतात, किती पाणी, केव्हा रूळ, हे माहीत असलेली माणसं प्रांतात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत म्हणाल्या. मी एकवीस पानं लिहिली. एकही रकाना रिकामा ठेवला नाही, पण या वेळी बाईंनी प्रत्येक वाक्य तपासलं आणि खोटं वाटलं तिथे पेन्सिलीने टिंब दिलं. तीन टिंबं पडली. २०१४ साली मंजुरी आली, "प्रांतीय" या शब्दासकट. आता दर शनिवारी मी लोकांना कोर्ट कसं करतात ते करून दाखवतो. मिलानहून दोन इंजिनिअर मुली शिकायला येतात. त्यांतली एक माझ्यापेक्षा चांगली चाळते. ओर्नेला जावयाकडे परत गेली. मागची खोली मात्र मला परत मिळाली नाही. तिथे इर्मा शिवणकाम करते.

कौलाचा तो तुकडा दोनशे चौदावा आहे. तो केकच्या कपाटात ठेवलाय. उन्हाळ्यात माणसं त्याच्यासमोर जास्त वेळ उभी राहतात, ती आदराने की गारव्याने, हे मी विचारत नाही.

बाई २०१५ च्या शरदापर्यंत खेळल्या. फुल्व्हिया देल्लेपियाने ९ मार्च २०१६ रोजी, बुधवारी दुपारी, आपल्या घरी वारल्या. नव्वद पुरी व्हायला त्यांना चार महिने होते.